म्बिरा : वाद्य कोणाचे, आवाज कोणाचा?

एका स्नेह्याच्या घरी त्याच्या मुलीने मला एक लहानशी लाकडी पेटी दाखवली. पेटीवर सतरा पोलादी पट्ट्या बसवलेल्या आणि प्रत्येक पट्टीवर पाश्चात्त्य स्वराचे अक्षर कोरलेले. अंगठ्याच्या नखाने पट्टी दाबून सोडली की स्वच्छ, गोड, गोल आवाज निघतो. मुलीने त्यावर एक चित्रपटगीत वाजवूनही दाखवले. पेटीबरोबर आलेल्या कागदावर एवढेच छापलेले होते की, हे 'कलिंबा' नावाचे प्राचीन आफ्रिकी वाद्य असून त्याच्या नादाने मनाला शांती लाभते. आफ्रिकेतले कोणते लोक, कोणता काळ, ते हे का वाजवीत होते, याबद्दल त्या कागदावर एक शब्द नव्हता.

त्या गोड आवाजाने मी अस्वस्थ झालो. कारण याच कुळातले एक थोरले वाद्य, झिंबाब्वेतील शोना लोकांचा म्बिरा, मी बरीच वर्षे ध्वनिमुद्रिकांवरून ऐकत आलो आहे. त्या म्बिरात गोडी आहेच; पण त्या गोडीला सतत चिकटलेली एक खरखर आहे, एक झणझण आहे. मुलीच्या पेटीत ती खरखर नव्हती. ती कोठे गेली, कोणी काढून टाकली आणि तिच्याबरोबर आणखी काय काय गेले, हा माझ्या या लेखाचा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. आपल्या नियतकालिकांतून कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा पुष्कळ झाली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु आपले हे नाते बहुतांशी अमेरिकेशी आणि छापील शब्दाशी राहिले. ज्या खंडातून ती माणसे ओढून नेली गेली, तेथे मागे राहिलेल्यांनी गुलामीच्या आणि वसाहतीच्या काळात आपला आवाज कशात जपला, याकडे आपण फारसे पाहिले नाही. जेथे लेखणी हातात नव्हती तेथे इतिहास वाद्यात ठेवला जातो. आणि वाद्य वाचायचे तर समीक्षेची नेहमीची हत्यारे थोडी बाजूला ठेवावी लागतात.

१

प्रथम वाद्य काय आहे ते पाहू. शोना लोकांचा मुख्य म्बिरा 'म्बिरा झावाझिमू' म्हणून ओळखला जातो. 'वाझिमू' म्हणजे पूर्वज. तेव्हा हा पूर्वजांचा म्बिरा. जाड लाकडाची एक फळी, तिला 'ग्वारिवा' म्हणतात. हे लाकूड बहुधा मुब्वामारोपा या झाडाचे असते. आपल्या सह्याद्रीतल्या बिबल्याच्या कुळातलेच हे झाड. सालीवर घाव घातला की रक्तासारखा लाल रस वाहतो आणि झाडाच्या नावातही रक्ताचा शब्द आहे. फळीवर लोखंडाच्या बावीस ते अठ्ठावीस पट्ट्या, डावीकडे दोन रांगा, उजवीकडे एक. डाव्या बाजूच्या पट्ट्या डावा अंगठा वाजवतो. उजव्या बाजूला अंगठा वरून दाबतो आणि तर्जनी खालून उचलते. उजवी करंगळी फळीच्या भोकात अडकवून वाद्य तोलले जाते. पूर्वी लोहार खनिजापासून लोखंड गाळून पट्ट्या ठोकीत. पुढे तारा, खिळे, सायकलीचे आरे, मोडक्या गाद्यांच्या स्प्रिंगा, जे मिळेल त्याच्या पट्ट्या झाल्या. गोऱ्या माणसाच्या जगातले भंगार काळ्या माणसाच्या घरी येऊन पूर्वजांचा आवाज झाले, ही गोष्ट मला कोणत्याही प्रतीकापेक्षा मोठी वाटते.

वाजवताना ही फळी 'देझे' नावाच्या मोठ्या भोपळ्यात बसवतात, म्हणजे आवाज घुमतो. आणि फळीवर व भोपळ्याच्या काठावर शिंपले बांधलेले असतात. अलीकडे बाटल्यांची पत्र्याची बुचे असतात. प्रत्येक स्वराबरोबर ती थरथरतात. हीच ती खरखर. ती वाद्यातला दोष नाही, कारागिराने मुद्दाम केलेली योजना आहे. नुसता स्वच्छ स्वर शोना कानाला उघडा वाटतो. आपल्याकडच्या तंबोऱ्याला जवारी लावतात ती ज्याला कळते, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

स्वरांविषयीही हेच. सप्तकात सात स्वर आहेत, पण त्यांतली अंतरे ठरीव नाहीत. एका कारागिराच्या म्बिराचा मेळ दुसऱ्याच्या म्बिराशी जुळेलच असे नाही, आणि तसा तो जुळावा अशी अपेक्षाही नाही. प्रत्येक घराला आपला मेळ असतो.

संगीताची रचना याहून महत्त्वाची आहे. म्बिराची बहुतेक रचना अठ्ठेचाळीस मात्रांचे एक वर्तुळ असते. बारा-बारा मात्रांचे चार भाग. हे वर्तुळ रात्रभर फिरत राहते. ते एकट्याने पुरे होत नाही. एक वादक 'कुशाउरा' म्हणजे पुढाकाराचा भाग वाजवतो, दुसरा 'कुत्सिन्हिरा' म्हणजे त्याला उत्तर देणारा भाग. एकाचे स्वर जेथे नाहीत तेथे दुसऱ्याचे पडतात. दोघांचे मिळून जे ऐकू येते ते दोघांपैकी एकानेही वाजवलेले नसते. नीट कान दिला तर खर्जातून एक चाल वर येते, ती विरते, मधल्या पट्टीतून दुसरीच चाल डोके काढते. जाणते वादक म्हणतात की वाद्य स्वतः बोलते आणि पुढे काय वाजवायचे ते सुचवते. यात गूढ काही नाही. दोन माणसांनी आपापली जागा सोडून एकमेकांना जागा दिली की तिसरा आवाज जन्माला येतो, एवढाच त्याचा अर्थ. पण हा 'एवढाच' अर्थ किती संगीतांनी हाती धरला आहे?

त्यावर 'होशो' म्हणजे भोपळ्याचे खुळखुळे ताल धरतात आणि त्यावर गळे येतात. गाण्याच्या तीन रीती आहेत. 'माहोनेरा'त खालच्या पट्टीत शब्दाविना गुणगुणणे असते. 'हुरो'त आवाज उंच जाऊन तुटतो आणि पुन्हा जुळतो. 'कुदेकेतेरा'त शब्द येतात. हे शब्दही एका कवीचे नसतात. सर्वांच्या तोंडी असलेल्या ओळींच्या साठ्यातून गायक त्या घटकेला लागणारी ओळ उचलतो, तिला आपली जोड देतो. त्यामुळे एकच रचना लग्नात एक सांगते, दुष्काळात दुसरे आणि पोलिसांच्या समोर तिसरे. 'न्हेमामुसासा' ही विख्यात रचना घ्या. नावाचा रोख रानात तात्पुरते खोपटे उभारण्यासाठी फांद्या तोडण्याकडे आहे. १९३० च्या जमीन-वाटप कायद्याने देशातील उत्तम जमीन गोऱ्यांकडे गेली आणि काळ्यांना राखीव भूभागात ढकलले गेले. हे ठाऊक झाल्यावर मी ही रचना पुन्हा ऐकली. तेव्हा ते खोपटे मला शिकाऱ्याचे वाटेना. जमिनीवरून उठवलेल्या माणसाचे वाटू लागले. रचना हा अर्थ सांगत नाही. ती त्याला जागा ठेवते.

२

या संगीताची जागा मंचावर नव्हती. तिची जागा 'बिरा' या रात्रभराच्या जागरात. घरात आजार असेल, भांडण असेल, पाऊस नसेल, तर कुटुंब बिरा मांडते. एखाद्या पूर्वजाला जिवंतपणी जी रचना आवडत असे ती वाजवली जाते. 'स्विकिरो' म्हणजे माध्यमाच्या अंगात तो पूर्वज येतो, माणसांशी बोलतो, तंटे सोडवतो. येथे श्रोता नावाचा वेगळा प्राणी नाही. जो आला तो टाळी देतो, गातो, नाचतो.

या संचाराबद्दल मी काय म्हणावे? बुद्धीला न पटणारे आहे ते न पटणारेच आहे. मृताचा आत्मा येतो हे मी मानत नाही आणि परदेशातले म्हणून त्याला सूटही देणार नाही. पण समीक्षकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या रात्री तेथे काय घडत होते? ज्या समाजाचे न्यायालय, जमीन, सत्ता सारे हिरावले गेले होते, तो समाज आपल्या मेलेल्या माणसांच्या साक्षीने आपला निवाडा आपणच करीत होता. गोऱ्या सत्तेला भय वाटले ते भुताचे नव्हे, या निवाड्याचे.

ते भय निराधार नव्हते. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीची तुकडी १८९० मध्ये या देशात शिरली. १८९६-९७ मध्ये शोना आणि न्देबेले लोकांनी उठाव केला, जो पहिला 'चिमुरेंगा' म्हणून ओळखला जातो. नेहांडा या पूर्वज-आत्म्याची माध्यम मानली जाणारी चार्वे ही स्त्री त्या उठावाच्या अग्रभागी होती. २७ एप्रिल १८९८ रोजी तिला फाशी दिले गेले. त्यानंतर मिशनऱ्यांनी बिरा, म्बिरा, पूर्वज हे सारे सैतानाचे ठरवले. जो शाळेत जाईल, बाप्तिस्मा घेईल, त्याने म्बिरा सोडला पाहिजे. शिकलेल्या पिढीला आपल्या बापाच्या वाद्याची लाज वाटू लागली. सत्ता माणसाला नुसती मारत नाही. त्याला त्याच्याच आवाजाची शिसारी आणते. हे आपल्याला समजायला भाषांतराची गरज नाही.

३

या वाद्याचे लेखी उल्लेख मात्र जुने आहेत आणि त्यांचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. जुआंव दुश सांतुश हा पोर्तुगीज पाद्री १५८६ मध्ये सोफालाच्या किनाऱ्यावर पोचला. १६०९ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने नऊ लोखंडी पट्ट्यांच्या 'अंबिरा' नावाच्या वाद्याचे वर्णन केले आणि त्याची गोडी मान्य केली. त्या काळी सोफाला, मोझांबिक हा सारा किनारा गोव्यातील व्हाइसरॉयच्या कारभाराखाली होता; १७५२ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे ज्या राजवटीने गोव्यात देवळे पाडली, तिच्याच एका पाद्र्याच्या कानाला तेथील काळ्या वादकाची बोटे गोड लागली होती. पुढे कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने १८७२ च्या सुमारास म्बिराचे वर्णन केले. याच माउखने ग्रेट झिंबाब्वेचे दगडी नगर पाहिले आणि ते आफ्रिकी माणसांनी बांधले असेल हे त्याच्या गळी उतरले नाही. त्याने शेबाच्या राणीचे नाव पुढे केले. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञ स्त्रीने ते नगर आफ्रिकी असल्याचे उत्खननाने दाखवले, तरी गोरी राजवट ते मनापासून मान्य करीना. यातला तर्क लक्षात घ्यावा. नगर मोठे, म्हणून ते तुमचे नव्हे. वाद्य छोटे, म्हणून ते तुमचे असू द्या.

विसाव्या शतकात वाद्यही राहिले नाही. ह्यू ट्रेसी हा इंग्रज तरुण १९२० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण ऱ्होडेशियात शेती करायला आला, शेतमजुरांची गाणी ऐकून त्यांत रमला आणि १९२९ पासून त्याने ध्वनिमुद्रण सुरू केले. त्याने दक्षिण आणि मध्य आफ्रिकेतली हजारो गाणी टिपली. १९५४ मध्ये त्याने आफ्रिकी संगीताचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय स्थापन केले. हे काम मोठे आहे. ते नसते तर कितीतरी आवाज कायमचे गेले असते. हे ऋण नाकारणे कोतेपणाचे होईल. पण हाच ट्रेसी सोन्याच्या खाणींतल्या मजुरांच्या नाचांवर १९५२ मध्ये पुस्तक काढतो, आणि ज्या खाणीत माणूस आठवडाभर जमिनीखाली खपतो तिच्याच आवारात रविवारी त्याचा नाच पाहुण्यांना दाखवला जातो, हेही विसरता येत नाही. मजूर दिसतो, मजुरी दिसत नाही.

१९५० च्या दशकातच ट्रेसीने 'कलिंबा' विकायला आणली. नाव झांबेझीच्या खोऱ्यातले, पट्ट्यांची कल्पना शेकडो कारागिरांची, पण स्वर युरोपीय सप्तकाचे. शिंपल्यांची खरखर गेली. भोपळा गेला, पेटी आली. दुसरा वादक गेला, कारण पेटीवर एकट्याने गाणे वाजवता येते. रात्र गेली, गाव गेले, निवाडा गेला. ते स्वच्छ वाद्य जगभर पोचले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकार मॉरिस व्हाइट याने १९७० च्या दशकात कलिंबा आपल्या संगीताच्या केंद्रस्थानी आणली आणि १९७४ मध्ये तिच्यावर गाणेही केले. त्याच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण ज्याच्या पूर्वजांना आफ्रिकेतून साखळदंडात नेले, त्याच्या हाती आफ्रिका परत आली ती वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील एका गोऱ्या माणसाने घडवलेल्या रूपात. इतिहास असाही सूड घेतो.

४

पॉल बर्लिनर या अमेरिकन अभ्यासकाचा 'द सोल ऑफ म्बिरा' हा ग्रंथ १९७८ मध्ये आला. त्याआधी १९७३ मध्ये त्याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली होती. म्बिराविषयी बाहेरच्याने लिहिलेले हे पुस्तक मला सर्वांत प्रामाणिक वाटते आणि त्याचे कारण त्यातली विद्वत्ता हे नाही. बर्लिनर एका वृद्ध वादकाकडे पट्ट्यांची नावे विचारायला जातो. म्हातारा बराच काळ दाद देत नाही, परीक्षा पाहतो, फेऱ्या मारायला लावतो आणि खात्री पटल्यावरच ज्ञान देतो. बर्लिनर हे लपवत नाही. गोऱ्या राजवटीत प्रश्न विचारणारा गोरा माणूस पोलीसही असू शकतो, हे म्हाताऱ्याला पक्के ठाऊक होते. माझ्या मते त्या वृद्धाचे मौन हेच पुस्तकातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. 'लोककलावंत' म्हणजे कोणीही यावे, टिपून न्यावे असा उघडा रांजण नव्हे. देणे-न देणे हा त्याचा अधिकार आहे.

याच काळात म्बिरा युद्धात उतरला. १९६५ मध्ये इयान स्मिथने गोऱ्या अल्पसंख्याकांची सत्ता टिकवण्यासाठी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढच्याच वर्षापासून दुसरा चिमुरेंगा पेटत गेला. गनिमी सैनिक पूर्वज-माध्यमांचा आधार घेत. रात्री खेड्यांत 'पुंग्वे' नावाच्या गुप्त सभा होत. रात्रभर जागून सर्वांनी मिळून गाण्याची बिराची रीत तेथे राजकारणाची रीत झाली. शहरात थॉमस माफुमो हा गायक पाश्चात्त्य रॉक गाणी सोडून शोनात गाऊ लागला. त्याच्या साथीदारांनी विद्युत गिटारच्या तारा तळव्याने दाबून म्बिराच्या पट्ट्यांसारखा आखूड, ठोकर आवाज काढला. परकीय वाद्याला त्यांनी आपली बोली शिकवली. ट्रेसीने म्बिराला युरोपचे स्वर दिले. यांनी गिटारला म्बिराचे वर्तुळ दिले. देवघेव दोन्हीकडे आहे, पण दिशा उलट आहे, आणि समीक्षेने दिशा पाहिली पाहिजे. शब्दांतला दुहेरी अर्थ सरकारलाही कळला. नभोवाणीने गाणी टाळली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस माफुमोला खटल्याविना डांबले गेले.

५

येथे थांबलो तर लेख गोड होईल, आणि गोडीविरुद्धच मी लिहितो आहे. तेव्हा दोन कडू गोष्टी.

पहिली स्त्रीची. म्बिरा हे पुरुषांचे वाद्य मानले जाई. १९४६ मध्ये जन्मलेल्या स्टेला चिवेशे हिला १९६० च्या दशकात कोणी शिकवायला तयार नव्हते. अखेर नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने शिकवले. तिच्यासाठी कोणी वाद्य करून देईना म्हणून ती उसने आणून वाजवी. १९७४ मध्ये तिची 'कासाह्वा' ही पहिली तबकडी निघाली आणि लोकांनी ती उचलून धरली. पुढे तिने युरोप गाजवला. २०२३ च्या जानेवारीत ती वारली. ज्या परंपरेत उठावाची नायिका स्त्री आहे, त्याच परंपरेने स्त्रीच्या अंगठ्याला पट्टी नाकारली. गोऱ्याने हिरावले हे खरे. पण घरातल्यानेही हिरावले होते, हेही खरे.

दुसरी सत्तेची. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला. म्बिरा राष्ट्राचा आवाज ठरला. आणि १९८३ ते १९८७ या काळात त्याच राष्ट्राच्या सैन्याने माताबेलेलँडमध्ये न्देबेले भाषक हजारो नागरिक मारले. शोनांचे वाद्य राष्ट्राचे म्हणून मिरवले जात असताना ज्यांच्यावर ते मिरवले गेले त्यांच्या कानात ते कसे वाजले असेल? पीडितांचा आवाज सत्तेच्या खुर्चीत बसला की तो पीडितांचा उरत नाही. हे ओळखण्याचे धैर्य माफुमोत होते. १९८९ मध्ये त्याने 'करप्शन' हा ध्वनिसंच काढून स्वतःच्याच विजयी नेत्यांवर बोट रोखले. पुढे त्याला देश सोडून अमेरिकेत राहावे लागले. मुगाबेंची सत्ता २०१७ मध्ये गेल्यावर, २०१८ मध्ये तो मायदेशी येऊन गायला. मला तो मोठा वाटतो तो दोन्ही वेळा जागा राहिला म्हणून.

२०२० मध्ये मलावी आणि झिंबाब्वेतील म्बिरा घडवण्या-वाजवण्याच्या कलेची युनेस्कोने मानवजातीच्या वारशात नोंद केली. चांगले झाले. मात्र वारसा म्हणून नोंद झाली की वस्तूभोवती काच येते, आणि काचेतून खरखर ऐकू येत नाही.

कोणी विचारील, मग आपण हलगीचेही असेच करायचे काय? मी घाईने 'हो' म्हणणार नाही. म्बिरा त्या लोकांच्या हातून हिसकला गेला. हलगी गावकीचे काम म्हणून हातात दिली गेली. तेथे वाद्य पुन्हा उचलणे ही मुक्ती होती, येथे अनेकांना ते खाली ठेवणे ही मुक्ती वाटली, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. दोन इतिहास एका मापाने मोजता येत नाहीत. समान आहे तो फक्त प्रश्न: वाजवायचे की नाही, हे ठरवणारा कोण?

त्या मुलीची पेटी मी वाईट ठरवणार नाही. तिने ती आनंदाने वाजवावी. पण निघताना मी तिला बाटलीची दोन बुचे ठोकून चपटी करायला सांगितली आणि तारेत ओवून पेटीवर बांधून दिली. तिने पट्टी दाबली. आवाज थरथरला, झणझणला. 'काका, हा बिघडला,' ती म्हणाली. मी तिला म्हटले, अजून एक जण समोर बसव, दोघींनी मिळून वाजवा आणि मग सांग.